तीन वाघ आणि पंधरा शेळ्या

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला –
• वाघ-शेळी या पारंपरिक बैठ्या खेळाचे नियम स्वतःच्या शब्दांत सांगता येतील;
• श्रीनिवास रामानुजन यांच्या विद्यार्थिजीवनाची ओळख करून देता येईल;
• खेळ, मैत्री आणि अभ्यास यांच्या परस्परसंबंधावर आपले मत मांडता येईल.

प्रास्ताविक

‘खेळण्यात वेळ घालवू नकोस, अभ्यास कर’ हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येते. परीक्षा जवळ आली असता मित्रांबरोबर पट मांडून बसलेला विद्यार्थी वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत खुपतो. त्यांची काळजी अनाठायी असते असेही नाही. परंतु पटावरच्या खेळात केवळ वेळच जातो, की त्यातून काही हातीही लागते? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत पाठात तमिळनाडूतील कुंभकोणम या गावच्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण घेतले आहे.

मूळ पाठ

१. कावेरीकाठचे गाव

कुंभकोणम हे तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या परिसरात वसलेले मंदिरांचे गाव आहे. मराठी माणसाला हा प्रदेश सर्वस्वी परका नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर येथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली. १७९९ मध्ये राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. तरीही तेथे स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांनी आपली मराठी बोली पुढेही जतन केली.

याच कुंभकोणममध्ये शारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर एका छोट्या घरात श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण गेले. त्यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे आजोळी झाला. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते आणि त्यांचा पगार दरमहा सुमारे २० रुपये होता. आई कोमलताम्माळ मंदिरात भजने गात असत. संसाराला हातभार लागावा म्हणून या घरात बाहेरगावचे विद्यार्थी राहण्या-जेवणासाठी ठेवले जात.

मैदानी खेळांची रामानुजन यांना फारशी आवड नव्हती. मात्र आईबरोबर पटाचा एक खेळ ते मोठ्या आवडीने खेळत. रॉबर्ट कॅनिगेल यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चरित्रात या खेळाचा उल्लेख केला आहे. तमिळ भाषेत या खेळाला ‘आडु पुलि आट्टम’ म्हणतात. आडु म्हणजे शेळी, पुलि म्हणजे वाघ आणि आट्टम म्हणजे खेळ. महाराष्ट्रात याच जातीचा खेळ ‘वाघ-बकरी’ या नावाने ओळखला जातो.

२. खेळाची मांडणी

या खेळाला लागणारे साहित्य कोणत्याही घरात सापडते. जमिनीवर खडूने किंवा कोळशाने पट आखावा; तीन मोठे खडे वाघ म्हणून आणि पंधरा चिंचोके शेळ्या म्हणून घ्यावेत. पटाच्या शिखरबिंदूपासून चार रेषा खाली उतरतात. त्यांना तीन आडव्या रेषा छेदतात आणि चौथी आडवी रेषा तळाशी असते. मधल्या तीन रेषांची टोके दोन्ही बाजूंना थोडी बाहेर येतात व ती उभ्या रेषांनी जोडलेली असतात. अशा रीतीने शिखराचा एक, मधल्या तीन रेषांवरचे प्रत्येकी सहा आणि तळाचे चार, असे एकूण २३ बिंदू तयार होतात.

एक खेळाडू वाघांचा आणि दुसरा शेळ्यांचा. आरंभी तिन्ही वाघ पटाच्या वरच्या भागात मांडले जातात. नंतर शेळ्यांचा खेळाडू दर वेळी एकच शेळी रिकाम्या बिंदूवर ठेवतो आणि वाघांचा खेळाडू एक वाघ हलवतो. पंधराही शेळ्या पटावर आल्याखेरीज कोणतीही शेळी जागची हलवता येत नाही. शेजारच्या बिंदूवर शेळी असेल आणि तिच्या पलीकडचा सरळ रेषेतील बिंदू रिकामा असेल, तर वाघ तिच्यावरून उडी मारून तिला पटावरून उचलतो. शेळीला उडी मारता येत नाही. ती शेजारच्या रिकाम्या बिंदूवर सरकू शकते, एवढेच. तिन्ही वाघांना हलायला जागा उरली नाही, की शेळ्यांचा विजय होतो. पुरेशा शेळ्या मारल्या गेल्या आणि कोंडी करणे अशक्य झाले, की वाघ जिंकतात. गावोगावी या नियमांत थोडाफार फरक आढळतो.

खेळ सोपा वाटतो, परंतु त्यातील हिशेब पाहण्यासारखा आहे. तीन वाघ आणि पंधरा शेळ्या मिळून अठरा सोंगट्या होतात. म्हणजे एकही शेळी न गमावता सर्व शेळ्या पटावर आल्या, तर केवळ पाच बिंदू रिकामे राहतात. या पाच जागांचा उपयोग कोण अधिक चतुराईने करतो, यावर पुढचा डाव अवलंबून असतो. एकटी पडलेली शेळी हमखास मारली जाते; पण तिच्या मागे दुसरी शेळी उभी असेल तर वाघाची उडी अडते. त्यामुळे शेळ्यांच्या खेळाडूला प्रत्येक खेळी करताना पुढच्या दोन-तीन खेळ्यांचा विचार करावा लागतो. वाघांच्या खेळाडूलाही हव्यासाने चालत नाही. एका शेळीच्या मागे धावून तो कोपऱ्यात अडकला, तर तेथून सुटणे कठीण होते.

‘असे केले तर काय होईल?’ हा प्रश्न मनाशी पुन्हा पुन्हा विचारणे, ही या खेळाची मुख्य मागणी आहे. गणितातही हाच प्रश्न विचारावा लागतो. अर्थात, या खेळामुळे रामानुजन गणितज्ञ झाले, असे म्हणता येणार नाही. हा खेळ असंख्य मुले खेळली आणि रामानुजन एकच झाले. परंतु तासन्‌तास एकाग्र होण्यातला आनंद त्या घरात आई आणि मुलगा एकत्र अनुभवत होते, एवढे निश्चित.

पाठगत प्रश्न
(अ) शेळ्यांचा खेळाडू डाव केव्हा जिंकतो?
(आ) पंधराही शेळ्या मांडून झाल्यावर वाघांनी चार शेळ्या मारल्या, तर पटावर किती बिंदू रिकामे असतील?

३. सोबत्यांकडून मिळालेले धन

१८९७ मध्ये रामानुजन प्राथमिक परीक्षेत जिल्ह्यात पहिले आले आणि पुढच्या वर्षी टाउन हायस्कूलमध्ये दाखल झाले. घरी राहणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी गणितातील प्रश्न विचारून भंडावून सोडले. थोड्याच काळात त्या विद्यार्थ्यांना येत होते तेवढे सगळे त्यांनी आत्मसात केले. लोनी यांचे त्रिकोणमितीचे पुस्तक त्यांना अशाच एका मोठ्या विद्यार्थ्याकडून मिळाले. १९०३ मध्ये कार यांचा, सुमारे पाच हजार गणिती सिद्धान्तांचा संग्रह त्यांच्या हाती आला. या पुस्तकात सिद्धता अगदी त्रोटक होत्या. प्रत्येक सिद्धान्त म्हणजे जणू अर्धवट मांडलेला डाव होता आणि तो पूर्ण करण्याचा रामानुजन यांना छंदच लागला. कागद महाग असल्यामुळे ते पाटीवर गणिते करीत, कोपराने पुसत आणि केवळ निष्कर्ष वहीत उतरवून ठेवीत.

४. एका बाजूला झुकलेला तराजू

१९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून रामानुजन कुंभकोणमच्या शासकीय महाविद्यालयात दाखल झाले. हे महाविद्यालय ‘दक्षिण भारताचे केंब्रिज’ म्हणून नावाजलेले होते. परंतु गणिताखेरीज इतर कोणत्याही विषयात त्यांचे मन रमेना. इंग्रजीत ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. सत्राचे शुल्क ३२ रुपये होते, म्हणजे वडिलांच्या दीड महिन्याच्या पगाराहून अधिक. १९०५ मध्ये ते कोणाला न सांगता विशाखापट्टणमला निघून गेले. नंतर मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला; पण १९०६ आणि १९०७ अशा दोन्ही वर्षी एफ. ए.ची परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आली नाही.

या अपयशाला शिक्षणपद्धती जबाबदार होती, की एकाच विषयाचे वेड, यावर आजही मतभेद होऊ शकतात. त्या अपयशाची किंमत मात्र खरी होती. पदवी नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून दोन वेळच्या जेवणाचीही चिंता, अशा अवस्थेत त्यांची काही वर्षे गेली. वाघ-शेळीच्या खेळात पटाच्या एकाच कोपऱ्याकडे लक्ष देणारा खेळाडू दुसऱ्या कोपऱ्यात फसतो. रामानुजन यांच्या विद्यार्थिजीवनात काहीसे तसेच घडले.

५. रात्रीची बैठक

१ मार्च १९१२ रोजी रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकून म्हणून रुजू झाले. तेथील वरिष्ठ अधिकारी एस. नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे जाणकार होते. दिवसाचे काम आटोपल्यावर हे दोघे दोन मोठ्या पाट्या घेऊन रात्री उशिरापर्यंत गणिते सोडवत बसत. एका पायरीवरून एकदम दहाव्या पायरीवर उडी मारण्याची रामानुजन यांची सवय होती. मधल्या पायऱ्या लिहिल्या नाहीत तर इतरांना काही कळणार नाही, असे नारायण अय्यर त्यांना वारंवार सांगत. एकट्याने विचार करणाऱ्याला स्वतःची उणीव सहसा दिसत नाही; समोर बसलेला मित्र ती दाखवून देतो.

जानेवारी १९१३ मध्ये रामानुजन यांनी केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र पाठवले आणि १९१४ मध्ये ते इंग्लंडला गेले. तेथे प्रशांतचंद्र महालनोबिस हे त्यांचे मित्र झाले. याच महालनोबिस यांनी पुढे १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. एकदा रामानुजन स्वयंपाक करीत असताना महालनोबिस यांनी ‘स्ट्रँड’ मासिकातले एक कोडे त्यांना वाचून दाखवले. एका रस्त्यावर एका ओळीत घरे आहेत आणि त्यांना १ पासून क्रमांक दिले आहेत. एका घराच्या अलीकडच्या सर्व क्रमांकांची बेरीज ही पलीकडच्या सर्व क्रमांकांच्या बेरजेइतकीच आहे. घरांची संख्या ५० हून अधिक आणि ५०० हून कमी आहे, तर ते घर कितवे?

महालनोबिस यांनी पडताळून पाहत उत्तर काढले होते : २८८ घरे आणि त्यांतील २०४ क्रमांकाचे घर. रामानुजन यांनी भांड्यातले ढवळता ढवळता अशी मांडणी सांगितली, की तीतून अशा सर्व रस्त्यांची उत्तरे एकापाठोपाठ एक मिळावीत. ८ घरांच्या रस्त्यावर सहावे, ४९ घरांच्या रस्त्यावर पस्तिसावे, २८८ घरांच्या रस्त्यावर दोनशे चौथे आणि त्यापुढेही अशीच. अपूर्णांकात अपूर्णांक गुंफत जाणाऱ्या या मांडणीला ‘वितत अपूर्णांक’ म्हणतात. ज्या विद्यार्थ्याला पदवी मिळू शकली नव्हती, त्याला १९१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने संशोधनासाठी पदवी दिली आणि १९१८ मध्ये रॉयल सोसायटीने आपले सदस्यत्व दिले. १९१९ मध्ये ते भारतात परतले. पण आजारपणामुळे २६ एप्रिल १९२० रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

६. खेळाला जागा किती?

आज अनेक विद्यार्थी दिवसभर काम करून संध्याकाळी अभ्यासाला बसतात. काहींची शाळा मध्येच सुटलेली असते, तर काहींच्या पदरी नापासाचा शिक्का पडलेला असतो. अशा विद्यार्थ्याने आठवड्यातून एखादी संध्याकाळ मित्रांबरोबर पटाभोवती घालवली, तर ती वाया गेली असे मानण्याचे कारण नाही. नियम पाळणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हरल्यावर चिडण्याऐवजी कोणती खेळी चुकली ते शोधणे आणि पुन्हा डाव मांडणे, या गोष्टी तेथे सहज अंगवळणी पडतात. डाव संपल्यावर तेच मित्र एकमेकांचे अडलेले गणित किंवा न समजलेला धडा समजावून देऊ शकतात. मात्र खेळाला ठरावीक वेळ असावा आणि पैशाची पैज त्यात कधीही शिरू देऊ नये. आवडता विषय मनापासून करावा. पण नावडत्या विषयाला त्याच्या वाटणीचा वेळ द्यायला विसरू नये.

शारंगपाणी मंदिरासमोरचे रामानुजन यांचे घर आता संग्रहालय म्हणून जतन केले आहे. २२ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस भारतात राष्ट्रीय गणित दिवस म्हणून साजरा केला जातो.

शब्दार्थ

अनाठायी – अकारण, चुकीच्या जागी
हव्यास – अतिलोभ
त्रोटक – अगदी थोडक्यात असलेले
आत्मसात करणे – पूर्णपणे शिकून घेणे
सिद्धता – विधान खरे असल्याचा तर्कशुद्ध पुरावा
अंगवळणी पडणे – सवय होणे

स्वाध्याय

१. ‘एकटी पडलेली शेळी हमखास मारली जाते’ याचे कारण खेळाच्या नियमांच्या आधारे स्पष्ट करा.
२. नारायण अय्यर यांच्या सहवासाचा रामानुजन यांना कोणता लाभ झाला?
३. रामानुजन यांच्या परीक्षेतील अपयशाची कारणे कोणती असावीत, असे तुम्हाला वाटते? आठ ते दहा ओळी लिहा.
४. ८ घरांच्या रस्त्यावर ६ क्रमांकाचे घर कोड्याची अट पूर्ण करते, हे बेरीज करून दाखवा.
५. उपक्रम : तुमच्या गावात खेळल्या जाणाऱ्या एका बैठ्या खेळाची माहिती घरातील ज्येष्ठ व्यक्तींकडून मिळवा. त्याचा पट काढा आणि नियम क्रमवार लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

(अ) तिन्ही वाघांना हलायला जागा उरत नाही तेव्हा.
(आ) नऊ.