सगळं सिकलच्या माथी मारू नको

तुला सिकलसेल आहे हे घरात, गल्लीत, शाळेत कळलं, की पुढं अंगाला काहीही झालं तरी लोकांचं उत्तर तयार असतं. कंबर धरली? सिकल. डोळे पिवळे? सिकल. रात्री रडू आलं? तेही सिकलच. आणि नेमकं याच्या उलटही होतं बघ. साध्या तापाला, दाताला, खोकल्याला तू गावातल्या दवाखान्यात जातेस, तिथं सिकलचं नावच निघत नाही. मग डॉक्टर बिचारा चार जणांना देतो तीच सुई तुलाही देतो. माझ्या मते मूळ दुखण्याच्या झटक्यानं होत नसेल तेवढं नुकसान या दोन सवयी करतात. म्हणून आज झटक्याचं काही सांगत नाही, तो तुझ्या ओळखीचा आहे. त्याच्या आडून जे गुपचूप वाढतं, त्याचं बोलू.

आधी डोळ्यांचं, कारण आपल्या वाशिमकडं पोरीचे डोळे पिवळे दिसले की शेजारीण कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता घेऊनच येते. चांगल्या माणसाची तांबडी पेशी 120 दिवस जगते. आपली, म्हणजे सिकलवाल्यांची, 10 ते 20 दिवसांत फुटते. फुटलेल्या पेशीतून जो पिवळा रंग सुटतो तो यकृत रोज उपसतं, तरी थोडा मागं राहतोच. म्हणून आपल्या डोळ्यांना बारा महिने जराशी पिवळी झाक असते. ती कुणाला लागत नाही आणि माळेनं उतरतही नाही. माळ घातली तर घालू दे बाई, तिनं काही बिघडत नाही. पण नाकात कसला रस पिळून घेऊ नको, झाडपाल्याचा काढा पिऊ नको, आणि 'तेलतूप बंद, नुसता उसाचा रस' असल्या पथ्यावर अंग खंगवू नको.

खरी गोष्ट पुढंच आहे. तोच पिवळा रंग पित्ताच्या पिशवीत साचतो आणि त्याचे खडे होतात. आपल्यात हे फार जणांना होतं, आणि तरुणपणीच होतं. भजी किंवा मटणाचा रस्सा खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली दुखलं, दुखणं पाठीत खांद्याकडं गेलं, उलटी झाली, तर ते 'सिकलचं पोट' म्हणून सोडून देऊ नको. सोनोग्राफी करून घे. दुखण्यासोबत थंडी वाजून ताप आला किंवा पिवळेपणा एकदम वाढला तर त्याच दिवशी दवाखाना. आता हा वाढला की नाही हे कळायचं कसं? तर बरी असशील त्या दिवशी उजेडात आरशापुढं उभी राहून आपला नेहमीचा रंग नीट ओळखून ठेव. उद्या पिशवी काढायचं ऑपरेशन ठरलंच, तर भूल देणाऱ्या डॉक्टरला तुझ्या तोंडानं सांग की मला सिकलसेल आहे. आपल्याला आधी सलाईन लावून पाणी भरावं लागतं, अंग गरम ठेवावं लागतं, कधी रक्तही चढवावं लागतं. फाइलमध्ये लिहिलंय म्हणून त्यांनी वाचलंच असेल, असं धरून चालू नको.

दुसरी गोष्ट मूत्रपिंडाची, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती दुखत नाही. आपलं मूत्रपिंड पाणी राखून ठेवू शकत नाही. लघवी पातळ आणि पुष्कळ होते, रात्री दोनदोनदा उठावं लागतं. कितीतरी पोरी मोठ्या वयापर्यंत अंथरूण ओलं करतात आणि त्यापायी मार खातात. तुझ्या घरी अशी लहान बहीण किंवा भाची असेल तर तिच्या आईला एवढं जरूर सांग, की पोरगी आळशी नाही आणि पाणी तोडणं हा त्यावरचा उपाय नाही. पाणी तोडलं की रक्त घट्ट होतं आणि झटका येतो. मे महिन्यात आपल्याकडं ऊन कसं असतं तुला माहीत आहे. पोहरादेवीची रामनवमीची यात्रा असो, शेगावची पायी वारी असो की सोयाबीनची सोंगणी, पाण्याची बाटली कंबरेला असलीच पाहिजे. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दिवसाला तीन-चार लिटर पाणी पोटात जायला हवं. आणि हरतालिकेचा निर्जळी उपवास तू करायचा नाहीस. सासूबाई रुसल्या तर रुसू दे. महादेव समजून घेईल.

याच मूत्रपिंडावर आपण वरून घाव घालतो तो दुखण्याच्या गोळ्यांनी. मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळणारी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन असली गोळी महिनोन्महिने घेतली तर मूत्रपिंड झिजतं. दुखणं सहन कर असं मी म्हणत नाही, सोसून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. आधी पाणी, शेक आणि पॅरासिटामॉल. त्यानं भागलं नाही तर दवाखान्यात जाऊन त्याहून जोराचं औषध माग. ते मागायची लाज नको. वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घे. बीपीही बघ. आपल्या लोकांचं बीपी मुळातच थोडं खाली असतं, त्यामुळं दुसऱ्याला 'नॉर्मल' म्हणतात तो आकडा आपल्यात वाढलेला असू शकतो.

खुब्याचं थोडक्यात सांगते. झटक्याचं दुखणं येतं आणि जातं. पण जांघेत दुखतं, चालताना जास्त दुखतं, मांडी घालून जेवायला बसता येत नाही, पाय किंचित ओढावा लागतो, आणि हे आठवड्यांमागून आठवडे तसंच राहतं, तर मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचत नाहीये असं समज. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. लवकर कळलं तर काठी, वजन कमी उचलणं, व्यायाम यांवर बरीच वर्षं निघतात. आणि कुणी सांधेदुखीची पुडी किंवा 'एका दिवसात मोकळं करणारी' सुई देत असेल तर तिथून उठून ये. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. त्यानं झटका उठू शकतो आणि हाडही आणखी मरतं.

मग ती लोहाची गोळी. शाळेतून निळी, बाळंतपणात लाल, आणि कुठंही हिमोग्लोबिन 7 किंवा 8 दिसलं की कुणीतरी ती हातावर ठेवतंच. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण आपलं रक्त कमी असतं ते पेशी फुटतात म्हणून, आणि फुटलेल्या पेशीतलं लोह अंगातच राहतं. त्यात रक्ताच्या पिशव्या चढल्या असतील तर एकेका पिशवीतून 200 मिलिग्रॅमच्या वर लोह येतं, आणि जादाचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडं नाही. ते यकृतात, हृदयात साचतं. आपल्याला रोज हवी ती फॉलिक अॅसिडची गोळी. मात्र पाळी फार जात असेल तर खरोखर लोह कमी असूही शकतं. तेव्हा फेरिटिन तपासा म्हणावं, मग गोळी.

मलेरियाबद्दल एक अर्धवट गोष्ट सगळीकडं फिरते, की सिकलवाल्याला मलेरिया होत नाही. ज्याच्यात एकच जनुक आहे, म्हणजे जो वाहक आहे, त्याला जिवावरच्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, आणि त्यामुळंच हा आजार मलेरियाच्या पट्ट्यात टिकून राहिला. तुझ्यासारख्या रुग्णाला मात्र मलेरिया झाला तर तो जिवावर बेततो. तेव्हा मच्छरदाणी लावायची. आपली पानथरी लहानपणीच निकामी होते, त्यामुळं जंतूंशी लढायला एक गडी कमीच. ताप 101 च्या वर गेला की सकाळची वाट बघायची नाही. तापासोबत छातीत दुखलं, धाप लागली, तर तो सर्दी-खोकला नसतो, फुप्फुसात रक्त अडकलेलं असू शकतं. न्यूमोनियाची लस घेतली नसशील तर विचार. दात किडू देऊ नको, वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा दाखव.

हायड्रॉक्सीयुरियाची गोळी सुरू आहे ना? नखं काळी पडली, केस गळाले म्हणून ती मनानं बंद करणाऱ्या पोरी मला माहीत आहेत. लग्नाच्या बोलणीत नखं दिसतात, हे मलाही कळतं. पण त्या गोळीनं झटके कमी होतात, छातीचा धोकाही कमी होतो. तिच्या रक्ततपासण्या मात्र चुकवायच्या नाहीत, आणि मूल हवं असेल तर दिवस जायच्या आधी डॉक्टरांशी बोलून ती थांबवायची. आणि लग्न ठरवताना नवऱ्या मुलाचंही रक्त तपासून घ्यायचं, पत्रिकेच्या आधी. त्यावर घरात वाद होईल, होऊ दे.

आता भावाचं. त्यालाही सिकल असेल तर एक गोष्ट तो आईला सांगणार नाही, तुलाही नाही. लिंग ताठ होऊन दुखत राहतं, तासन्‌तास उतरत नाही. पोरं लाजेनं रात्र काढतात. चार तास उलटले तर कायमचं नुकसान होऊ शकतं. त्याला सरळ सांग, नाहीतर हे लिहिलेलं त्याच्या हातात दे.

आणि मन. 'नाटक करते' हे ऐकून ऐकून एक दिवस आपल्यालाच तसं वाटायला लागतं. झोप उडते, कशातच जीव लागत नाही. हेही सिकलच्या खात्यात टाकू नको, त्याचा वेगळा इलाज आहे. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

या सगळ्या तपासण्यांपायी धावपळ होते, मला ठाऊक आहे. पूर्वी काही मोठं निघालं की अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय नाहीतर थेट नागपूर. आता 9 ऑक्टोबर 2024 ला आपल्या वाशिमच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं, तिथं हळूहळू काय काय सुरू होतं ते विचारत राहा. उपचाराला जाताना सिकलसेल रुग्णाला साध्या एसटीत भाड्याची सवलत आहे, कागद कोणते लागतात ते आगारात विचार. 2016 च्या कायद्यानं सिकलसेल अपंगत्वाच्या 21 प्रकारांत आला आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज कर. 'धडधाकट तर दिसते' असं खिडकीवरचा माणूस म्हणाला तरी खिडकी सोडू नको.

कुठल्याही दवाखान्यात शिरलीस की पहिलं वाक्य हेच असू दे : मला सिकलसेल आहे, अमुक गोळी चालू आहे, माझं नेहमीचं हिमोग्लोबिन इतकं असतं. आणि दुसरं : हे सिकलचंच आहे असं धरू नका, तपासून बघा. पुढच्या खेपेला जिल्हा रुग्णालयात जाशील तेव्हा लघवीतल्या अल्ब्युमिनची आणि पोटाच्या सोनोग्राफीची चिठ्ठी मागूनच घरी ये.