आधी पासपोर्ट, मग पेपर

मशीन लर्निंगच्या मोठ्या परिषदेला जायचं, तर तयारी पेपर स्वीकारल्याचा मेल आला की सुरू करायची, असं आमच्याकडचे बहुतेक विद्यार्थी धरून चालतात. भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्याला तेव्हा उशीर झालेला असतो. कोणत्या परिषदेला पेपर पाठवायचा, हे ठरवतानाच परिषदेचं शहर, व्हिसा आणि पैसे या तिन्हींचा हिशोब मांडावा लागतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पीएचडीच्या काळात माझा पेपर परदेशातल्या एका नावाजलेल्या परिषदेत स्वीकारला गेला. विभागात पेढे वाटून झाले आणि मी त्याच आठवड्यात कागदपत्रांच्या मागे लागले. तरीही पासपोर्ट माझ्या हातात पडला, तेव्हा परिषदेचे शेवटचे कार्यक्रम चालू होते. माझं पोस्टर तिकडेच शिकणाऱ्या सहलेखकाने लावलं. विमानाचं तिकीट बुडालं, हॉटेलचे पैसे परत मिळाले नाहीत आणि प्रवासच झाला नाही म्हणून खर्चाचं बिलही मंजूर झालं नाही. कुणी मुद्दाम अडवलं नव्हतं. निकाल आणि परिषद यांच्यामधले दिवसच कमी होते.

आता माझे विद्यार्थी पेपर पाठवतात, तेव्हा मी आधी कॅलेंडर उघडायला लावते.

कॅलेंडर काय सांगतं

या क्षेत्रातल्या तीन मोठ्या परिषदा म्हणजे न्यूरिप्स, आयसीएमएल आणि आयसीएलआर. तिन्हींचं वर्ष साधारण ठरलेलं असतं. न्यूरिप्सला पेपर मे महिन्यात जातात, निकाल सप्टेंबरअखेर लागतो आणि परिषद डिसेंबरात भरते. आयसीएमएलचे पेपर जानेवारीअखेर, निकाल मे महिन्याच्या सुरुवातीला, परिषद जुलैत. आयसीएलआरचे पेपर सप्टेंबरच्या आसपास, निकाल जानेवारीत, परिषद एप्रिल-मेमध्ये. म्हणजे निकालानंतर हातात उरतात अडीच-तीन महिने.

एक खरं उदाहरण घेऊ. २०२४ ची आयसीएमएल व्हिएन्नात २१ जुलैपासून होती आणि निकाल १ मे रोजी लागला होता. तिथे लागणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जावर साधारण १५ दिवसांत निर्णय होतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. त्याआधी अर्ज द्यायची अपॉइंटमेंट मिळायला हवी, आणि मे-जून म्हणजे मुंबई-पुण्याच्या निम्म्या सहल कंपन्या युरोपला निघण्याचे दिवस. मुख्य परिषदेचा पेपर असेल तर हे कसंबसं जमतं. वर्कशॉपचा निकाल मात्र आणखी उशिरा लागतो. पहिल्याच परदेश प्रवासासाठी, युरोपातल्या जुलैच्या परिषदेतल्या वर्कशॉप-पेपरवर भिस्त ठेवणं म्हणजे जुगार आहे.

याला उपाय आहे. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. अपॉइंटमेंटच्या तारखांवर निकालाआधीच नजर ठेवावी. बँकेचं स्टेटमेंट, संस्थेचं ना-हरकत पत्र, निदान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा यांची फाइल तयार ठेवावी, म्हणजे निकालानंतर फक्त निमंत्रणपत्र जोडायचं उरतं. बऱ्याच परिषदांत ते पत्र नोंदणीनंतरच मिळतं; म्हणून निकाल लागला की त्याच दिवशी नोंदणी करावी आणि व्हिसा नाकारला तर शुल्क परत मिळतं का, हा नियम आधी वाचावा. परिषद कॅनडात असेल तर आयोजकांना तिथल्या इमिग्रेशन खात्याकडून विशेष कार्यक्रमाचा एक कोड मिळू शकतो, तो अर्जात लिहायचा असतो. अमेरिकेच्या व्हिसाला मुलाखतीची तारीखच कित्येक महिने पुढची मिळू शकते. तिथली परिषद मनात असेल तर पेपर पाठवण्याच्या सुमारासच रांगेत उभं राहावं. आणि पासपोर्टवर नाव-आडनावाचा गोंधळ असेल, मुदत संपत आली असेल, तर ते काम सगळ्यात आधी.

शहर बघून परिषद निवडा

पासपोर्टची ही अडचण आपल्या एकट्याची नाही. २०१८ मध्ये मॉन्ट्रियलला न्यूरिप्स भरली, तेव्हा ‘ब्लॅक इन एआय’ या वर्कशॉपला येणाऱ्या अनेक आफ्रिकी संशोधकांना कॅनडाचा व्हिसा नाकारला गेला. पुढच्या वर्षी व्हँकुव्हरलाही तेच झालं. त्यावरून मोठी ओरड झाली. आयसीएलआरने २०२० ची परिषद अदिस अबाबाला घ्यायचं ठरवलं होतं. कोविडमुळे ती ऑनलाइन झाली, पण २०२३ मध्ये ती खरोखरच रवांडातल्या किगालीला भरली. २०२५ मध्ये न्यूरिप्सने सॅन दिएगोच्या जोडीला मेक्सिको सिटीत दुसरं अधिकृत ठिकाण ठेवलं. गर्दी आणि व्हिसाच्या अडचणी ही दोन्ही कारणं आयोजकांनी सांगितली होती.

यातून आपण घ्यायचं ते एवढंच, की परिषदेच्या दर्जाइतकंच तिचं शहरही बघायचं. २०२५ ची आयसीएलआर सिंगापूरला होती. पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला असं ठिकाण सोपं जातं: विमानप्रवास कमी, व्हिसाची प्रक्रिया सुटसुटीत, परिषदेचं सभागृह विमानतळापासून जवळ. तोच पेपर सहा महिने थांबून अशा शहरात नेला तर बिघडत नाही. घाई असेल तर टीएमएलआरसारखं नियतकालिक आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या नियतकालिकाला पेपर वर्षभर कधीही पाठवता येतो.

जागांचंही भान ठेवावं. २०१८ ला न्यूरिप्सच्या मुख्य परिषदेची तिकिटं बारा मिनिटांच्या आत संपली होती. पुढच्या वर्षी त्यांनी नोंदणीसाठी सोडत काढली. लेखकांसाठी सहसा जागा राखून ठेवतात, पण त्या राखीव जागेलाही अंतिम तारीख असते. पेपर नसताना ‘वातावरण बघायला’ जाणाऱ्याने हे विशेष लक्षात घ्यावं.

पैसे कुठून, आणि कधी

मदतीच्या वाटा आहेत. परिषदांची स्वतःची आर्थिक साहाय्य योजना असते. स्वयंसेवक म्हणून काही तास काम केलं तर नोंदणी माफ होते. त्या अर्जाची तारीख बहुतेकांच्या नजरेतून सुटते. भारतात एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस यांचं प्रवास अनुदान आहे, आणि पूर्वी एसईआरबीकडे असलेली आंतरराष्ट्रीय प्रवास योजना आता एएनआरएफकडे आहे. मुलींनी ‘विमेन इन मशीन लर्निंग’ या २००६ पासून चालणाऱ्या वर्कशॉपकडे जरूर बघावं. तिथे प्रवासखर्चाला हातभार मिळू शकतो, आणि अनुभवी संशोधक स्त्रियांशी गोलमेज गप्पा होतात. माझ्या दोन विद्यार्थिनींना पुढची इंटर्नशिप त्या गप्पांतून मिळाली.

अडचण वेगळीच असते. यातलं बरंचसं अनुदान खर्च झाल्यावर, बिलं दिल्यावर मिळतं. तोपर्यंत तिकीट, हॉटेल, व्हिसा, विमा सगळं विद्यार्थ्याच्या किंवा त्याच्या वडिलांच्या खात्यातून. शेतकरी घरातल्या मुलाला ‘नंतर मिळतील’ या दोन शब्दांचा अर्थ फार निराळा लागतो. म्हणून संस्थेकडे आगाऊ रकमेची लेखी मागणी करावी; नियमांत बहुतेक ठिकाणी तशी सोय असते, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. सरकारी पैशांतून विमानप्रवास असेल तर तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्यामार्फतच काढावं, असा २०२२ पासूनचा नियम आहे. दुसऱ्या संकेतस्थळावर चार हजारांनी स्वस्त मिळालेलं तिकीट पुढे अख्खंच अंगावर पडल्याचं मी पाहिलं आहे. बोर्डिंग पास फेकू नये. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेल रद्द करता येण्याजोगंच घ्यावं, मग ते थोडं महाग का असेना.

तिथे जाऊन करायचं काय

दुसऱ्या खेपेला मी वेळेत पोहोचले आणि पहिल्या दिवशी सकाळपासून भाषणांना बसले. संध्याकाळी वहीभर टिपणं होती आणि एकाही माणसाशी बोलणं झालं नव्हतं. ही भाषणं पुढे व्हिडिओवर मिळतात. न्यूरिप्सची काही आठवड्यांनी सगळ्यांना खुली होतात. एवढा खर्च करून जायचं ते व्हिडिओत न मिळणाऱ्या गोष्टीसाठी, म्हणजे पोस्टरपुढच्या बोलण्यासाठी.

न्यूरिप्ससारख्या ठिकाणी आता दहा हजारांच्या वर माणसं येतात. २०२४ ला मुख्य विभागात पंधरा हजारांहून अधिक पेपर आले आणि त्यांतला साधारण चौथा हिस्सा स्वीकारला गेला. एका सत्रात शेकडो पोस्टरं लागतात. तिथे हिंडत राहिलं तर आषाढीला पंढरपुरात ठरल्या जागेशिवाय ओळखीचा माणूस शोधण्यासारखं होतं. त्यामुळे यादी घरून करून न्यावी. स्वीकारलेले पेपर आणि त्यांचे रिव्ह्यू ओपनरिव्ह्यू या संकेतस्थळावर आधीच वाचायला मिळतात. आपल्या कामाच्या अगदी जवळची पंधरा-वीस पोस्टरं निवडावीत, त्यांचे क्रमांक आणि वेळा लिहून घ्याव्यात. ज्यांच्याशी बोलायचंच आहे अशा चार-पाच जणांना आठवडाभर आधी छोटा मेल टाकावा: तुमच्या अमुक पेपरातल्या तमुक गृहीतकाबद्दल मला शंका आहे, पोस्टरपाशी दहा मिनिटं मिळतील का? ‘आपलं काम फार आवडलं’ एवढ्याच मेलला उत्तर येत नाही. नेमक्या शंकेला बहुधा येतं.

आपल्या पोस्टरपुढे उभं राहण्याची तालीमही हवी. आपली मुलं प्रस्तावनेपासून सुरुवात करतात, मशीन लर्निंग म्हणजे काय इथपासून. समोरचा मान डोलावतो आणि पुढच्या पोस्टरकडे सरकतो. तीन आवृत्त्या पाठ असाव्यात: अर्ध्या मिनिटाची, दोन मिनिटांची आणि खोलात शिरणाऱ्यासाठी सविस्तर. पहिल्या वाक्यात निष्कर्ष यावा, आकृतीवर बोट ठेवून. आणि ‘ही पद्धत कुठे फसते?’ या प्रश्नाला उत्तर तयार हवं, कारण जाणकार माणूस हटकून तेच विचारतो. पोस्टरचा आकार मुख्य परिषदेचा वेगळा आणि वर्कशॉपचा वेगळा असतो, सूचना वाचूनच छापावं. कापडी पोस्टर घडी घालून बॅगेत जातं. कागदाची लांब नळी विमानात विसरण्याची भीती राहत नाही.

शरीराचाही विचार करावा. डिसेंबरात व्हँकुव्हर आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं. आदल्या रात्री उतरून सकाळी पोस्टरपुढे उभं राहिलं, तर दुपारी स्वतःचंच समीकरण ओळखू येत नाही. दोन दिवस आधी पोहोचावं. शेवटचे दोन दिवस वर्कशॉपचे असतात आणि नवख्या संशोधकाला खरा फायदा तिथेच होतो, कारण खोली लहान आणि विषय एकच. पैसे वाचवायला परतीचं तिकीट त्याआधीचं काढू नये.

न जाण्याचाही निर्णय असतो

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने पेपर नसताना लाखभराहून जास्त खर्चून तिकडे जावं, असं मला वाटत नाही. कोड्स-कोमॅड ही डेटा सायन्सची परिषद २०२४ च्या डिसेंबरात जोधपूरला झाली, पुढची पुण्यात आयसरमध्ये. रेल्वेच्या तिकिटात पोस्टर लावण्याची, प्रश्न झेलण्याची सवय होते. आणि जे मेल ‘आदरणीय प्राध्यापक’ म्हणून सुरू होतात, दोन दिवसांत पेपर स्वीकारतात आणि पर्यटनस्थळी बोलावतात, त्यांना उत्तर देऊ नये. परिषदेच्या कार्यक्रम समितीत आपल्या विषयातलं ओळखीचं नाव नसेल, मागच्या वर्षीचे पेपर कुठे वाचायला मिळत नसतील, तर नोंदणी शुल्क भरण्याआधी गाईडला विचारावं. बढतीच्या गुणांसाठी अशा ठिकाणी जाणारे प्राध्यापकही आहेत, तेव्हा शक्यतो दोन गाईडना विचारावं.

आमच्या विभागात आता एक पद्धत पडली आहे. परिषदेहून आलेला प्रत्येक विद्यार्थी आठवडाभरात दोन पानं लिहून देतो: व्हिसाची अपॉइंटमेंट कधी मिळाली, पासपोर्ट कधी परत आला, कागदांत काय कमी पडलं, कशाला किती खर्च झाला, कोणतं बिल अडलं, कुणाशी बोलणं झालं. पुढचा विद्यार्थी पेपर कुठे पाठवायचा हे विचारायला आला, की मी आधी ती पानं त्याच्या हातात देते. गेल्या वेळी ती वाचून एकाने परिषदच बदलली, आणि तो वेळेत पोहोचला.