मळमळ आणि स्पिरिटचा बोळा

प्रश्न : घाटात गाडी लागली की आजी लिंबू हुंगायला देते. मध्यंतरी दवाखान्यात फार मळमळत होतं, तर सिस्टरांनी इंजेक्शनआधी पुसायचा स्पिरिटचा बोळा नाकाशी धरला आणि चक्क बरं वाटलं. हा मनाचा खेळ की खरंच उपाय?

उत्तर : उपाय खरा आहे, आणि सिस्टरांच्या बोळ्याला आजीच्या लिंबापेक्षा भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या लष्करी रुग्णालयातल्या तातडीच्या विभागात मळमळीच्या ८० रुग्णांपैकी काहींना आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, तर काहींना मिठाच्या पाण्याचा बोळा हुंगायला दिला. २०१६ साली निष्कर्ष छापून आले : दहा मिनिटांनी दहापैकी मळमळीचा आकडा पहिल्या गटात ३, दुसऱ्यात ६. दीर्घ श्वास दोन्ही गटांनी घेतला होता, त्यामुळे सगळं श्रेय श्वासाला देता येत नाही. अर्थात, वास आल्यावर आपल्या हाती कोणता बोळा आहे हे रुग्णाला कळतंच. मनाचा थोडा वाटा त्यात असणारच.

२०१८चा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात १२२ रुग्ण होते. ओन्डान्सेट्रॉन या उलटीवरच्या नेहमीच्या गोळीसोबत नुसतं मिठाचं पाणी हुंगणाऱ्यांची मळमळ अर्ध्या तासात शंभरपैकी ९ने उतरली. खोटी गोळी घेऊन अल्कोहोल हुंगणाऱ्यांची ३२ने. वास असं नेमकं काय करतो, हे अजून उलगडलेलं नाही.

करायचं असं : औषधाच्या दुकानात अल्कोहोल स्वॅबची छोटी पाकिटं मिळतात. ‘७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल’ लिहिलंय ना, ते बघा. पाकीट फोडून नाकाखाली एक-दोन सेंटिमीटरवर धरा, नाकानं सावकाश, खोल श्वास घ्या. फार तर मिनिटभर. नंतर दोन-दोन मिनिटांनी आणखी दोनदा. गॅसजवळ नको, मुलांच्या हाती नको; पोटात गेलं तर हे विष आहे. दारू सोडवण्याची डायसल्फिराम गोळी चालू असणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

आजीचं लिंबूही टाकाऊ नाही. इराणमध्ये १०० गरोदर बायकांवर झालेल्या अभ्यासात लिंबाच्या वासानं मळमळ थोडी कमी झाली होती. पण गाडी लागण्यावर वरच्या दोन प्रयोगांतून काहीच सिद्ध होत नाही. तिथे पुढच्या सीटवर बसून दूरच्या रस्त्याकडे नजर ठेवणं अधिक खात्रीचं.

मात्र मळमळीसोबत छातीत दुखून घाम फुटला, उलटीत रक्त आलं किंवा डोक्याला मार लागलेला असेल, तर हुंगत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा.