दुकानाचे बिल व संगणकाची आज्ञावली

उल्हासनगर हे व्यापाराचे गाव होय. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली व १९४९ साली तिला हे नाव मिळाले. 'कॅम्प नं. ३' या पत्त्यात त्या छावणीची खूण अद्यापि आहे. येथील कित्येक दुकानांत आता संगणक बिल करतो. तो हिशेब कसा करतो, हे गिऱ्हाइकानेही जाणून घ्यावे.

यंत्रास क्रमवार सांगितलेल्या कृतीस आज्ञावली म्हणतात. बिलाची आज्ञावली अशी:

१. प्रत्येक वस्तूचे नाव, नग व दर घ्यावा.
२. नग व दर यांचा गुणाकार करावा.
३. सर्व गुणाकारांची बेरीज करावी.
४. बेरीज रु. ५०० अथवा अधिक असल्यास शेकडा १० सूट वजा करावी.
५. प्रत्येक रक्कम निरनिराळ्या ओळीत छापावी.

उदाहरणार्थ:

वह्या ६ × ४० = २४०
कंपासपेटी १ × १६० = १६०
पेने ५ × २० = १००
एकूण ५००
सूट ५०
देणे रु. ४५०

आता चौथ्या पायरीत 'अथवा' हा शब्द गाळून 'रु. ५०० हून अधिक' एवढेच लिहिले, तर काय होईल? याच गिऱ्हाइकास सूट मिळणार नाही व ५० रुपये अधिक द्यावे लागतील. यंत्र निमूटपणे सांगितले तेच करील. दुकानाच्या पाटीवर काय लिहिले आहे, हे त्यास ठाऊक नसते. म्हणून आज्ञावली तपासताना ४९९, ५०० व ५०१ या तिन्ही बेरजा अवश्य घालून पाहाव्या.

दुसरी सावधगिरी पैशांची. दशमान पद्धतीत एक-तृतीयांश जसा पूर्णपणे लिहून संपत नाही, तसा संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक-दशांश संपत नाही. यास्तव रुपयांचे अपूर्णांक न ठेवता सर्व रकमा पैशांच्या पूर्णांकांत ठेवाव्या व छापताना रुपये करावे.

ओळवार बिलाचे महत्त्व येथेच आहे. केवळ शेवटचा आकडा दिला, तर त्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते; ओळी दिल्या, तर शाळकरी मुलासही चूक दाखविता येते. बायबलातील नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा निषेध आहे. आजचा तराजू आज्ञावली आहे, आणि तिचा खरेपणा लिहिणाऱ्याच्या हाती आहे.

अभ्यास: (१) रु. ५०० वर शेकडा १० सूट देऊन उरलेल्या रकमेवर पुन्हा शेकडा १० सूट दिल्यास देणे रु. ४०० न होता रु. ४०५ का होते? (२) रु. ४९९ च्या गिऱ्हाइकास रु. ५०० च्या गिऱ्हाइकापेक्षा अधिक द्यावे लागते. हे टाळण्यास चौथी पायरी कशी लिहाल?