पाठदुखी आणि पोटदुखीचं नातं

"बाई, पोटात दुखतंय" म्हणणारं मूल कधी हात मात्र कमरेवर ठेवतं. ते नाटकच असेल असं नाही. मूत्रपिंडं पोटात मागच्या बाजूला, मणक्याच्या दोन्ही अंगांना असतात. त्यांच्या आणि पाठ-पोटाच्या त्वचेच्या संवेदना मज्जारज्जूच्या एकाच भागात पोहोचतात, म्हणून मेंदूला नेमकी जागा कळत नाही. मुतखडा खाली सरकतो तशी पाठीतली कळ जांघेपर्यंत उतरते.

मार्च-एप्रिलात कसालला घामाच्या धारा. मुलं पाणी कमी पितात, वर लघवी दाबून ठेवतात. (शाळेचं स्वच्छतागृह कसं आहे, हेही पालकांनी जरूर विचारावं.) मग जंतुसंसर्ग होतो. कुळथाची पिठी जेवणात उत्तमच, पण ताप, उलटी किंवा लालसर लघवी दिसली तर त्याच दिवशी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यावं.