काल रात्री काय जेवलात?
चैत्र-वैशाखाचा अभ्यास पाठ: रात्रीचं जेवण आणि उन्हाळी पेयं



बैठकीत बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या की या महिन्यात उठायचं नाही. अजून अर्धा तास बसायचं. प्रत्येकीनं दोनच गोष्टी सांगायच्या. काल रात्री घरी काय शिजलं होतं, आणि दिवसभरात पाण्याशिवाय काय काय प्यायलात. एवढाच पाठ आहे. वाटतो तितका सोपा मात्र नाही.

आपल्या काही गटांच्या बायका फाल्गुन संपता संपता पुण्याच्या मंडईत बाजार बघायला आल्या होत्या, तेव्हा हा पाठ आम्ही पहिल्यांदा घेतला. आता मेट्रोचं स्टेशनच तिथं आहे, त्यामुळे जाणं सोपं झालंय. मंडईची ती दगडी अष्टकोनी इमारत १८८६ साली सुरू झाली. तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावावरून तिला ‘रे मार्केट’ म्हणत. गंमत म्हणजे जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य होते तेव्हा त्यांनी या बाजारावर एवढा पैसा घालायला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्यांचंच नाव या मंडईला मिळालं. हे ऐकून आमच्यातली एक मावशी म्हणाली, “मग बरंच झालं की, भाजी घेताना तरी त्यांचं नाव तोंडात येतं.”

चैत्राच्या तोंडावर मंडईत काय दिसतं? हिरव्यागार कैऱ्यांचे ढीग, लिंबं, शेवग्याच्या शेंगा, चुका, अंबाडी, कलिंगडं, काकड्या. हापूसही आलेला असतो, पण त्याचा भाव ऐकून आपण पुढे चालायला लागतो. घाऊक व्यवहार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात होतो. इथं मंडईत जुडी, वाटा, पावशेर असा हिशेब. म्हणून घरच्या स्वयंपाकाचा विचार करायला ही जागा चांगली.

तिथंच एका कट्ट्यावर बसून मी विचारलं, “काल रात्री काय जेवलात?” पहिलीचं उत्तर आलं, “काही नाही, भाकरी आन् पिठलं.” दुसरी म्हणाली, “काही नाही गं ताई, खिचडी टाकली.” तिसरीनं कैरी घालून आमटी, भात आणि कांदा केला होता, तरी सुरुवात “काही नाही”नंच. ज्वारीच्या भाकरीबरोबर शेवग्याच्या पानांची भाजी करणारीसुद्धा तसंच म्हणाली. मला हे फार खटकलं. दिवसभर रानात राबून, सरपण-पाणी करून जे शिजवलं, त्याला आपणच ‘काही नाही’ म्हणतो. तेव्हा आपल्या बैठकीत एक नियम करूया. ‘काही नाही’ म्हणणाऱ्या बाईनं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं.

सांगायला लागल्या की मात्र पदार्थांना अंत नाही. कैरी किसून त्यात कच्चा कांदा, तिखट, मीठ, गूळ घालायचा आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी द्यायची. हा तक्कू पाच मिनिटांत होतो, पिठल्याला चव आणतो आणि आजारातून उठलेल्या माणसालाही दोन घास जास्त जातात. एकीनं सांगितलं, रात्री उरलेला भात ती ताकात कालवते, वर लसूण-जिऱ्याची फोडणी. कोकणातून लग्न होऊन आलेल्या एका ताईकडे उन्हाळाभर आमसुलाचं सार असतं. नारळ परवडत नाही म्हणून सोलकढी फक्त सणाला.

कैरीच्या डाळीवर मात्र वाद झाला. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटायची, त्यात किसलेली कैरी, मिरची, मीठ, चिमूटभर साखर, वर फोडणी आणि ओलं खोबरं. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. एकीच्या मते डाळ फोडणीत परतून घ्यायलाच हवी, दुसरी म्हणे कच्चीच खरी. चव ज्याची त्याची, पण एक लक्षात ठेवा. भिजवलेली कच्ची डाळ आणि ओलं खोबरं उन्हाळ्यात लवकर आंबतं. सकाळची डाळ रात्री पोरांना देऊ नका. लागेल तेवढीच करा.

आता पेयं. नाचणीच्या पिठाची आंबील हे आपलं जुनं औषधच आहे. पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवायचं, सकाळी शिजवायचं, गार झाल्यावर ताक, मीठ, ठेचलेला लसूण. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. बाटलीतल्या रंगीत थंड पेयात साखरेशिवाय फारसं काही नसतं, तरी पाहुणा आला की आपण पोराला दुकानात पिटाळतो आणि आंबील चुलीमागे झाकून ठेवतो. पाहुण्याला आंबील दिली तर कमीपणा कसला, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

उन्हात काम करून चक्कर, जुलाब, उलटी झाली तर पन्ह्यावर थांबू नका. ओआरएसची पुडी आशाताईंकडे मिळते. नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून चमचा सपाटच भरायचा. बाजारातला बर्फ पुष्कळदा पिण्यासाठी केलेला नसतो, माठ बरा.

पाठाचा अवघड भाग पुढेच आहे. जेवण काय होतं हे सगळ्या सांगतात. मग विचारा, “तुमच्या ताटात त्यातलं काय आलं?” मंडईत हा प्रश्न आला आणि गप्पा एकदम थांबल्या. भाजी नवऱ्याला, सासऱ्यांना, मुलांना पुरली. बाईनं भाकरी चटणीशी खाल्ली आणि वर चहा घेतला. असं सांगणाऱ्या एक-दोघी नव्हत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. ते असं ताटातूनच कमी होत जातं. पालेभाजी, डाळी यांतलं लोह अंगी लागायला आंबट मदत करतं, म्हणजे लिंबू, कच्ची कैरी. जेवणावर लगेच घेतलेला चहा तेच लोह अडवतो. किमान तासभर थांबा. लोहाची गोळीसुद्धा चहासोबत नको. पन्ह्यात कैरी उकडल्यामुळे तिचा हा गुण थोडा कमी होतो, कच्च्या तक्कूत जास्त राहतो. गुळाचं म्हणाल, तर त्यावर विसंबू नका. साखरेचा आजार असलेल्यांना गुळाचं पन्हंही बेतानंच.

डाळ आणि पन्हं म्हटलं की चैत्रगौर. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं. हेही बोलायलाच हवं, कारण आपल्या प्रत्येक गटात एक-दोन मैत्रिणी अशा आहेत ज्यांना या दिवसांत बोलावणं येत नाही. नवरा गेला म्हणून. त्यांचा हप्ता चालतो, सही चालते, कर्जाला त्या जामीन चालतात. डाळ-पन्ह्याला मात्र नाही! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि नंतर सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. आपल्या बैठकीला ग्रामसभेची वाट बघायची गरज नाही. बैठकीतच डाळ-पन्हं करा, सगळ्यांना एकाच वाटीमापानं वाढा. कुणी कुरकुर केली तर इतिवृत्तात लिहा.

राहिला हिशेब. “पन्हं विकायचं का?” असं बऱ्याच जणी विचारतात. भाव समजा असे धरूया: एक किलो कैरी ६० रुपये, एक किलो गूळ ६० रुपये, वेलची, मीठ, गॅस मिळून २० रुपये. झाले १४०. यात साधारण ३० पेले होतात. कागदी पेले ३० रुपये, पिण्याच्या पाण्याचा जार ४० रुपये. एकूण खर्च २१०. पंधरा रुपयांनी विकलं तर ४५० आले, उरले २४०. दोघींनी चार-चार तास घातले असतील तर तासाला ३० रुपये पडले. त्यातून एसटीचं भाडं जायचंय! गावच्या जत्रेत, शाळेच्या कार्यक्रमात हे परवडेल. शहरात जाऊन तीस पेले विकणं माझ्या मते परवडणारं नाही. बाटलीत गर भरून विकायचा विचार असेल तर आधी एफएसएसएआय नोंदणी, लेबलवर तारीख आणि घटक, मगच विक्री. आपल्या वेळेचे पैसे धरल्याशिवाय कुठलाही हिशेब सीआरपी ताईंना दाखवू नका, त्या परत पाठवतील. मीच तसं सांगून ठेवलंय.

पुढच्या बैठकीआधी सात दिवस वहीत तीन रकाने आखा: रात्री काय शिजलं, माझ्या ताटात काय आलं, दिवसभरात काय प्याले. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या, तिलाही ते कळू दे. वही बैठकीत वाचायची. ज्या पदार्थाची कृती बाकीच्यांना हवी असेल ती वेगळ्या कागदावर लिहून सीआरपी ताईंकडे द्या. जागा मिळेल तशा कृती पुढच्या अंकात छापू. नाव द्यायचं नसेल तर नुसतं गावाचं नाव लिहा.