कितीला घेतली आणि कितीला पडली

अगं, काल रात्री फोनवर किती खुशीत होतीस! लॉजवाल्याला साठ चादरी एकदम गेल्या, ५४० रुपयांनी. खरेदी ५०० ची, म्हणजे नगामागे ४० सुटले, एकूण २,४००. मला तेव्हाच बोलायचं होतं, पण तुझ्या आनंदावर विरजण घालवेना. आज सांगते. रागावू नकोस, याच ठिकाणी माझेही हात पोळलेत.

चादर तू ५०० ला घेतलीस. पण पडली कितीला?

आठवतं, आई आंब्याची पेटी आणायची, तेव्हा रिक्षाचे पैसे त्यात धरूनच सांगायची, डझन कितीला पडला ते. दुकानात बसल्यावर मात्र आपण पेढीच्या बिलावरचा भाव तेवढा सॉफ्टवेअरमध्ये चढवतो. गाडीभाडं, हमाली, टेम्पो सगळं 'खर्च' म्हणून वेगळीकडे टाकतो. माल स्वस्त दिसतो आणि नफा फुगतो.

तुझंच ते सोलापूरचं बिल घे. वीस सिल्क साड्या ४,००० च्या, ऐंशी चादरी ५०० च्या. माल १,२०,००० चा. वर ट्रान्सपोर्ट २,६४० आणि डेपोपासून दुकानापर्यंत टेम्पो-हमाली ६६०, म्हणजे ३,३००. आता हे ३,३०० कुणाच्या डोक्यावर किती?

तुझ्या टॅलीत भाड्याच्या लेजरला वाटणीची पद्धत विचारतात, संख्येवर की किमतीवर. तू 'किमतीवर' ठेवलंयस आणि परचेसच्या व्हाउचर टाइपमध्ये जादा खर्च धरायची सोयच चालू केलेली नाहीस, त्यामुळे वाटणी होतच नाही. उद्या चालू केलीस तरी किमतीवर वाटणी म्हणजे साडीला ११० आणि चादरीला पावणेचौदा. पण मला सांग, ट्रान्सपोर्टवाल्याने बिल्टी कशावर फाडली? वजनावर. साडी सहाशे ग्रॅमची, चादर दीड किलोची. एकूण १३२ किलो, किलोला २५ रुपये. म्हणजे साडीला १५ आणि चादरीला साडेसदतीस.

चादर तुला ५३७ रुपये ५० पैशांना पडली. ५४० ला विकलीस, सुटले अडीच रुपये. साठ चादरींचे १५०. आणि लॉजपर्यंत माल तू आपल्या खर्चाने पोचवलास ना?

उलट किमतीवरच्या वाटणीने साडीवर १५ ऐवजी ११० चढले असते, तर तू भाव धरून बसली असतीस आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं असतं.

माझं असंच झालं होतं. स्टीलच्या भांड्यांबरोबर प्लॅस्टिकची पिंपं यायची. गाडीतली निम्मी जागा पिंपं अडवायची, आणि मी भाडं किमतीवर वाटत होते. सगळा बोजा स्टीलवर. दोन वर्षं मी पिंपं पडत्या भावाच्याही खाली विकली. 'पिंपं छान खपतात' म्हणून आणखी मागवली! तो हिशेब उलगडला त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून खर्च कशामुळे झाला ते आधी बघ. भाडं वजनावर असेल तर वजनावर, जागेवर असेल तर आकारमानावर, विमा असेल तर किमतीवर. ओडूमध्ये हे सगळे पर्याय मिळतात. ईआरपीनेक्स्टमध्ये लँडेड कॉस्ट व्हाउचर आहे, त्यात संख्या, किंमत किंवा हाताने वाटणी करता येते. तुला एवढ्यासाठी सॉफ्टवेअर बदलायची गरज नाही. टॅलीत जादा खर्चाची ती सोय चालू कर आणि वाटणी 'संख्येवर' कर. नगाला ३३ येतील, साडीवर थोडे जास्त, चादरीवर थोडे कमी, तरी किमतीवरच्या वाटणीपेक्षा खऱ्याच्या कितीतरी जवळ. आणि पुढच्या वेळी पेढीला सांग, जड माल आणि साड्या वेगळ्या बिलांवर, वेगळ्या बिल्ट्यांवर पाठवा.

काय धरायचं नाही तेही ऐक. ज्या जीएसटीचं क्रेडिट तुला मिळतं तो मालाच्या किमतीत घालू नकोस. कॉम्पोझिशनमध्ये असतीस तर क्रेडिट नाही, मग तो घालावाच लागला असता. गोडाऊनचं भाडं नाही, लॉजला माल पोचवल्याचा खर्चही नाही, तो विक्रीचा. आणि कधी पावसात भिजून चादरी वाया गेल्या, तर त्या उरलेल्यांच्या माथी मारू नकोस, ते नुकसान वेगळंच दाखवायचं. हिशेबाच्या एएस-२ मानकात हे सगळं असंच सांगितलंय. उद्या चीनहून लेस मागवलीस, तर मूळ सीमाशुल्क आणि त्यावरचा समाजकल्याण अधिभार लेसच्या किमतीत जाईल, आयजीएसटीचं मात्र क्रेडिट मिळेल.

आता तुझी खरी अडचण. ट्रान्सपोर्टचं बिल महिन्याने येतं, तोवर माल विकून मोकळी झालेली असतेस. मग थांबायचं नाही. बिल्टीवरच्या वजनावरून अंदाज धर, माल आला त्याच दिवशी चढव आणि बिल आलं की फरक दुरुस्त कर. ते जमलं नाही आणि सगळं मागाहून आलं, तर निदान वाटणी नीट कर. चादरींच्या वाट्याचे ३,०००, ऐंशीतल्या साठ गेल्या, म्हणून २,२५० विकलेल्या मालाच्या खर्चात आणि ७५० शिल्लक वीस चादरींवर. ३१ मार्चला शिल्लक माल मोजशील तेव्हा त्या वीस चादरी ५०० च्या धरू नकोस, ५३७.५० च्या धर. फक्त बाजारात त्याहून कमीच येणार असतील, तर विकायचा खर्च वजा करून हातात जे येईल ते धरायचं.

लॉजवाल्याला तू पुढचा भाव अजून लेखी दिलेला नाहीस ना? देऊ नकोस.

गुरुवारी तुझं दुकान बंद असतं, मी सकाळच्या गाडीने येते. गल्ल्यामागच्या तारेवर टोचलेल्या बिल्ट्या आहेत तशाच राहू दे. टेम्पोवाल्याच्या त्या गुलाबी चिठ्ठ्या, ज्यावर नुसता आकडा आणि 'पोचले' एवढंच असतं, त्याही टाकू नकोस. आणि वजनकाटा वर काढून ठेव, एक-एक चादर आणि साडी आपण स्वतः तोलून बघू.